चिकटलेली पानं

परगावच्या विद्यापीठातून तपासायला आलेला प्रबंध आज उघडला. बाइंडिंगच्या खळीचा वास आला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पंचवीस वर्षांपूर्वी इथंच, औरंगाबादेत, माझी तोंडी परीक्षा होती. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी गुलामांच्या आत्मकथांवर मी सहा वर्षं खपले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "दौलताबाद किती लांब आहे हो?" त्यांच्या पुढ्यातल्या प्रबंधाची पानं अजून एकमेकांना चिकटलेलीच होती. आणि मी हसून म्हणाले, "जवळच आहे, सर. गाडी सांगून ठेवलीय."

त्या हसण्याचा राग अजून जात नाही.

संध्याकाळपर्यंत समोरच्या प्रबंधाची सव्वाशे पानं वाचून झाली, तेवढ्यात तो लिहिणाऱ्या पोरीचाच फोन आला. "मॅडम, परीक्षेला याल तेव्हा फिरायला गाडी सांगून ठेवू का?"

"खड्ड्यात गेली गाडी!" मी ओरडले. "एकशेबाराव्या पानावरचं तुझं म्हणणं मला साफ नामंजूर आहे. भांडायच्या तयारीनं ये."