कुत्र्यांना भिणारे मालक

कुत्रा पाळलेली माणसं एकत्र बसली, की किस्से दारातल्या चपलांसारखे साठत जातात. आपली शोधावी, तर दुसऱ्याचीच पायात येते! हसनाबादच्या आमच्या गल्लीत तीन घरांत कुत्रे आहेत आणि तिन्ही घरांत मालकच त्यांना टरकून असतात. त्यामुळे साठा मोठा!

माझ्यापासूनच सुरू करतो. टायगर आणला तेव्हा ओंजळीत मावायचा, बघता बघता वासराएवढा झाला. मोबाईलवर व्हिडिओ बघून मी त्याला 'बस' शिकवलं. पोळीचा तुकडा नाकापुढून वर न्यायचा, की तो आपोआप बसतो. एकदा तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच बसला. बायको आत, ओट्यापाशी. तिनं पाऊल उचललं, की हा गुरगुरायचा. ते दात बघून मी चार पावलं मागं सरकलो.

"अहो, उठवा की त्याला!" तिचा आवाज रडवेला.

"अगं, उठायचं शिकवायचं राह्यलं!"

* * *

शेजारच्या साळवे मॅडम शाळेत शिकवतात. लहानपणी कुत्रा चावला तेव्हा पोटात इंजेक्शनं घेतली, ती धास्ती अजून गेलेली नाही. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि आपला ब्रुनो आईकडे सोडून गेला. मॅडम त्याला खिडकीच्या गजांतून शिकवतात. 'बस' म्हणायचं, तो बसला की भाकरीचा तुकडा बाहेर टाकायचा.

"मॅडम, बाहेर येऊन शिकवा की!" मी म्हणालो.

"भाऊ, तो बराबर शिकून राह्यला ना? मंग! गजाच्या आत कोण अन् बाहेर कोण, ते नका विचारू!"

* * *

तिसरं घर विठ्ठलरावांचं. शेतकरी माणूस. त्यांचा मोती आल्यागेल्याच्या छातीवर पाय ठेवायचा. कुत्रा अंगावर आला, की ओरडायचं नाही, पाठ करून उभं राहायचं, मग तो थंड होतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. नेमके पोरीला बघायला टेंभुर्णीचे पाहुणे आले आणि मोतीची साखळी सुटली. पाहुणे पांढरेफटक!

विठ्ठलराव ओरडले, "पाहुणे, तोंड फिरवा! बिलकुल हलू नका!"

सगळे भिंतीकडे तोंड करून उभे. मोती गार झाला. तेवढ्यात पोरीची आई, आमच्या काकू, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"अगं बाई! अजून पोरगी दाखवली न्हाई, अन् पाहुण्यांनी तोंड फिरवलं!"

* * *

टायगरला 'सोड' शिकवताना चप्पल त्याच्या तोंडात आणि माझा हात चपलेवर. दात लागला, रक्त आलं. नळाखाली साबणानं हात धुतला. तसाच दवाखान्यात गेलो.

"कुत्र्याला लस दिलीय ना? मंग कशाला कापून राह्यले?" सिस्टर सुई भरत म्हणाल्या.

"सिस्टर, त्याला टोचताना चौघांनी धरलं होतं."

"मंग?"

"मलाबी धरा!"

* * *

हा शेवटचा किस्सा सांगताना मात्र मला अजून हसू येत नाही.

एका सकाळी विठ्ठलराव शेताच्या वाटेवर मोतीला 'थांब' शिकवत होते. मी बांधावर उभा. 'थांब' म्हणायचं, पुढं चालत जायचं, वळून 'ये' म्हणायचं. मोती दर वेळी पळत यायचा. मग विठ्ठलराव पार तुरीपर्यंत गेले आणि वळले.

"ये!"

मोती आला नाही. मानेवरचे केस उभे, शेपूट पायांत. नजर विठ्ठलरावांच्या मागं, तुरीत.

"मोती, ये!"

तो हलला नाही, भुंकलाही नाही. वारं पडलेलं होतं आणि तूर हलत होती.

मी हातानंच त्यांना बोलावलं. विठ्ठलरावांनी माझा चेहरा बघितला. मागं न बघता ते हळूहळू चालत आले, मोतीचा पट्टा धरला आणि आम्ही गावाकडं निघालो. पळायचीसुद्धा छाती झाली नाही.

घरं दिसायला लागल्यावर मी विचारलं, "विठ्ठलराव, तुम्ही मागं वळून का न्हाई बघितलं?"

"मोती बघून राह्यला होता ना! मंग दोघांनी कशाला बघायचं?"