आईच्या आईचं माहेर

लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात दीपमालाचं पार्लर आहे. भुवया कोरता कोरता ती गिऱ्हाइकाचं अख्खं खानदान विचारून घेते. मागच्या वर्षी गावात जो तो जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ जुळवत होता. तिच्या नवऱ्यानं, दयानंदनंही खापरपणजोबापर्यंत मजल मारली आणि तो भलामोठा कागद ऐटीत तिच्यासमोर पसरला.

"यात एक तरी बाई हाय का?" तिनं विचारलं.

दयानंदनं कागद उलटा करूनसुद्धा पाहिला.

झालं, दीपमालानं मनावर घेतलं. आपण आपल्या बायकांची वंशावळ काढायची! लातूरच्या स्टँडवरून तिनं पूर्वज कसे शोधावेत हे सांगणारं पुस्तक आणलं. घरातल्या सगळ्यात वडील माणसापासून सुरुवात करा, असं पहिल्याच पानावर होतं. ती तडक आईकडं गेली.

धुरपताबाई ऐंशीच्या. त्यांची आई त्या लहान असतानाच वारली होती.

"गंगाबाई नाव. समदे बिलोलीवालीच म्हनायचे," त्या म्हणाल्या. "रझाकाराच्या धामधुमीत माहेरचं येनंजानं तुटलं ते तुटलंच."

दीपमाला तेलंगणाच्या सीमेवरच्या बिलोलीला गेली. पुस्तकात सांगितल्याप्रमाणं तिनं जमिनीच्या निजामकाळच्या नोंदींच्या नकला काढल्या, त्यातलं उर्दू एका म्हाताऱ्या मास्तरांकडून वाचून घेतलं. बाप, लेक, भाऊ, पुतण्या. गंगाबाईचा कुठं पत्ता नाही. मास्तरांनाच वाईट वाटलं.

"जमिनीच्या कागदात लेकी कशाला लिहितील, बेटी?"

पुस्तक पिशवीत कोंबून दीपमाला समोर दिसलेल्या पार्लरमध्ये शिरली. आल्यासारखं फेशियल करून घेऊ म्हणाली आणि तोंडाला लेप लावून घेता घेता तिनं सवयीनं चौकशी सुरू केली. लातूरकडं फार पूर्वी दिलेली कुणाची आत्या, मावशी?

शेजारच्या खुर्चीतली बाई म्हणाली, "आमच्या सासूबाईची आत्या तिकडंच दिली होती की. पन तिचं नाव लक्ष्मम्मा."

दीपमाला लेप अर्धामुर्धा पुसून त्या बाईच्या मागं निघाली.

सासूबाई, म्हणजे गावातल्या गावातच दिलेल्या सिद्धम्मा, नव्वदीला टेकलेल्या. ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. नाव जुळत नाही म्हणताच हसल्या.

"सासरी नाव बदलत्यात की गं! तुझी आई हाय का? दाखव मला."

दीपमालानं मुरुडला व्हिडिओ कॉल लावला. सिद्धम्मांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"बंगारू का गं तू?"

 पलीकडं धुरपताबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "या नावानं मला फकस्त आई बोलवायची. मी कुनाला सांगितलं बी न्हाई कधी."

"आत्यानं निरोप धाडला होता, पोरगी झाली, बंगारू म्हन्ते म्हनून. बंगारू म्हंजी सोनं. मी तुझी मामेबहीन हाय."

पुढच्याच आठवड्यात धुरपताबाई हटून बसल्या. लेकीला घेऊन, दोन ठिकाणी एसटी बदलून बिलोलीला पोचल्या. सिद्धम्मांनी ओटी भरली, हिरवं लुगडं नेसवलं आणि अर्धं तेलुगू, अर्धं मराठी करत लक्ष्मम्मा सांगितली. चिंचेवर सरसर चढणारी, भावांना कुस्तीत पाडणारी, लग्नात उखाणा विसरून खो खो हसत सुटलेली.

धुरपताबाई पोरीसारख्या गुडघे दुमडून ऐकत होत्या. निघायची वेळ झाली तरी हलेनात.

"तू जा गं," त्या दीपमालाला म्हणाल्या. "मी माहेरी आलेय. राहीन चार दिस."