बूम लागला, असं मी सांगत आलो

हे मी अजून कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, देवाच्याही नाही — देवापुढे हात जोडले की मी लगेच केळीच्या भावाचा विषय काढतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी जमेल असं वाटतंय. बघू.

आधी माझी ओळख. आमचं गाव तापीकाठचं, नंदुरबारकडे, कोरीटच्या अंगाला. गावात मी माझ्या फजित्यांसाठी प्रसिद्ध आहे. कुणाकडे लग्न असलं की जेवणं आटोपल्यावर लोक मला मध्ये बसवतात आणि मी सुरू होतो. ठिबकच्या नळ्या चुकीच्या जोडून शेजाऱ्याच्या केळीला फुकट पाणी पाजलं, ती गोष्ट. सासरे समजून भलत्याच म्हाताऱ्याच्या पाया पडलो आणि त्यानं आशीर्वादाबरोबर लग्नाला मुलगी आहे का विचारलं, ती गोष्ट. लोक पोट धरून हसतात. शेवटी कुणीतरी म्हणतंच, "ती मॅटनी गोट सांग ना भो."

बहुतेक वेळा हे म्हणणारा माझा चुलतभाऊ हेमंत असतो. माझ्याच वयाचा, आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्याला डाव्या डोळ्यानं दिसत नाही.

मग मी सांगतो. काही वर्षांपूर्वी मला शिडाच्या होड्यांचं वेड लागलं. बंधाऱ्यामुळे तापी आमच्याकडे समुद्रासारखी फुगलेली असते, आणि तिच्यावर आम्ही काय करतो? पाणी उपसायला मोटारी टाकतो. म्हटलं, इथं पर्यटक आणू. गोव्याला जाऊन शिकून आलो, आणि येताना एका क्लबनं मोडीत काढलेली कॅटामरान घेऊन आलो — केळी खाली करून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये घालून. कॅटामरान म्हणजे दोन लांबट होड्या शेजारीशेजारी आणि मध्ये ताणून बांधलेलं जाड कापड. खाटेच्या दोन्ही बाजूंना होड्या लावल्यासारखं ध्यान. गावात ट्रक शिरला तेव्हा हेमंत पुढे आला, चारी बाजूंनी फिरला आणि म्हणाला, "हाई काय लई उना रे भो? खाट लयना ते गादी कोठे शे?"

या होडीत शिडात वारा भरला की एक बाजू उचलते. ती दाबून ठेवायला एकानं कमरेला पट्टा बांधायचा, डोलकाठीवरून आलेली तार त्या पट्ट्याच्या हुकात अडकवायची, पाय होडीच्या काठावर रोवायचे आणि अख्खं अंग पाण्यावर बाहेर टांगायचं. तारेला ट्रपीझ म्हणतात, पट्ट्याला हार्नेस. म्हणजे टांगलेल्या माणसाचा जीव दोन गोष्टींवर. पाय घसरायला नको. आणि वेळ आली की हूक चटकन सुटायला हवा.

दोन्ही गोष्टी निवडायचं काम माझ्याकडे होतं. जाणकार मी होतो ना.

काठावर चिकटवायला खास फोमची पट्टी मिळते. मऊ असते, ओली झाली तरी पाय धरते. ज्यानं होडी विकली त्यानं हे सांगितलं होतं. पण मी म्हटलं, आपल्या गोठ्यातली रबरी मॅट काय वाईट? म्हैस घसरत नाही तर माणूस कसा घसरेल? पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन लावून मी ती चिकटवली. पहिल्याच फेरीत सुटली आणि काळी, लांब, अर्धी बुडालेली अशी वाहत घाटाकडे निघाली. घाटावर धुणं चाललं होतं. "मगर! मगर!" — बायका धुणं टाकून पळाल्या, पोरांनी दगड मारले, आणि मी पाण्यातून ओरडतोय, "मारू नका, माझ्या म्हशीची आहे!"

इथं मांडव कोसळतो. गोष्ट खरी आहे, एक अक्षर वाढवलेलं नाही. पण तुमच्या लक्षात येतंय का मी काय करतोय? मॅटवर एवढं हसवायचं की पुढची गोष्ट ऐकताना माणसं डोळे पुसतच असतात. पुढची गोष्ट मी घाईनं सांगतो. मग वादळ आलं, होडी उलटली, बूम लागला, हेमंतचा डोळा गेला, मी त्याला बाहेर काढलं. संपलं.

बूम म्हणजे शिडाच्या खालचा ॲल्युमिनियमचा आडवा दांडा. त्यानं डोळा जाऊ शकतो. लागला असता तर.

थांबा, मी घाई करतोय पुन्हा.

मॅट गेल्यावर मी दुसरी बसवलीच नाही. त्याऐवजी शाळेतल्या दिवसांचे फुटबॉलचे बूट माळ्यावरून काढले — खाली कडक गोल खुंट्या असलेले — आणि म्हटलं, हीच माझी पकड. हार्नेस मी एकच आणला होता, माझ्या मापाचा, ओढला की सुटणाऱ्या हुकाचा. हेमंत अंगानं दांडगा, त्याला तो बसेना. त्याच्यासाठी मी घरीच तयार केला. फवारणीच्या पंपाचे खांद्याचे पट्टे, मध्ये गोणपाटाची गादी, आणि हूक घेतला विहिरीत मोटार सोडायच्या साखळीचा. त्याला स्प्रिंगची जीभ असते. एकदा अडकला की सुटत नाही. आम्ही शेतकरी माणसं — जे सुटत नाही ते मजबूत, हेच आम्हाला माहीत. मोटार विहिरीत पडली नाही, तर हेमंत कसा पडेल?

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. नाही. हे मी पुढे सगळ्यांसमोर कबूल केलं, हेमंतसमोर रडून कबूल केलं, आणि त्यानंच माझ्या पाठीवर हात ठेवला. गोव्यात मी एकदाही त्या तारेला लटकलो नव्हतो, भीतीनं मधल्या कापडावर बसून राहायचो — तेही मी आता गंमत म्हणून सांगतो. बघा, कबुली देण्यात मी किती तरबेज आहे. लहान लहान चुका मी अशा उधळतो की मोठी कुणी मागतच नाही.

तो दिवस मे अखेरचा. घाटावर निम्मं गाव जमलं होतं, कारण मीच बोलावलं होतं. मी हार्नेस आणि ते बूट चढवून रुबाबात उभा. हेमंतनं स्वतःच्या अंगावरचे पंपाचे पट्टे दाखवत लोकांना विचारलं, "मी नाव चालाडाले चालना का कपाशी फवाराले?" हशा. मीही हसलो. मग त्याची नजर माझ्याकडे वळली. "भो, तुन्हा हूक म्हागे शे. तुले ते उलटंच टांगनं पडी."

मी हार्नेस उलटा घातला होता.

गाव हसलं. माझी आई हसली, त्याची आई — माझी काकी — पदर तोंडाला लावून हसली. आणि मला कानशिलं तापलेली जाणवली. आयुष्यभर स्वतःवर हसवणारा माणूस मी, मला राग का यावा? कारण तेव्हा मी हसवलं नव्हतं. माझ्यावर हसायला लोकांना मी बोलावतो, दार मी उघडतो. त्यानं ते लाथेनं उघडलं, असं मला वाटलं. हसत हसतच मी पट्टा फिरवून बांधला.

निघालो. सुकाणू आणि शिडाचा दोर माझ्याकडे, तारेवर हेमंत. थोडा वेळ सुरेख गेलं. तो पाण्यावर आडवा, हात पसरून, आनंदानं ओरडतोय. मग पश्चिमेकडे आभाळ धुळीनं पिवळं झालं. आमच्याकडे मे महिन्यात असा वारा येतो की उभ्या केळीचे बाग आडवे करून टाकतो. काठावरची झाडं वाकलेली दिसली आणि पुढच्या क्षणी तो वारा शिडावर आदळला.

अशा वेळी शिडाचा दोर सोडायचा असतो. पोरानंही सोडला असता. मी मात्र घट्ट धरला आणि आणखी ओढला. हेमंतला न शिकताही कळलं होतं, तो ओरडत होता, "दोर सोड! दोर सोड!" आणि मग, "तुले काहीच येत नही! काहीच येत नही तुले!"

होडीचं तोंड पाण्यात घुसलं. मागची बाजू वर उठली. हेमंत तारेच्या टोकाला गोफणीतल्या दगडासारखा गरकन फिरून डोलकाठीच्या पुढून दिसेनासा झाला, आणि अख्खी होडी आमच्या अंगावर उलटली.

पाण्याखाली अंधार होता. दोर गळ्याला, दोर मांडीला. कापडाखाली मी अडकलो होतो, डोकं वर मारलं की कापडच लागत होतं. आणि खालून कुणीतरी माझा पाय धरला. हेमंत होता. त्याचा हूक तारेत अडकलेला, होडी त्याला खाली दाबतेय, आणि त्याच्या हाताला लागलेली एकच वस्तू म्हणजे माझा पाय. त्यानं ओढलं. मी खाली गेलो, पाणी प्यालो. मी दुसऱ्या पायानं त्याला लाथ मारली. कुठंतरी लागली, खांद्याला असावी. हात सुटला. मी कापडाखालून सरकत बाहेर आलो.

ही पहिली लाथ. ती मी स्वतःला केव्हाच माफ केली आहे. तुम्हीही केली असती.

पुढचं तुम्हाला सगळं गाव सांगेल. भोई मंडळी डोंगी घेऊन आली तेव्हा मी एका हातानं उलट्या होडीला आणि दुसऱ्या हातानं हेमंतच्या पट्ट्याला धरून होतो. त्याचं तोंड पाण्याच्या वर होतं, रक्तानं भरलेलं. त्याला डोंगीत घेईपर्यंत मी पट्टा सोडला नाही. माझी बोटं भोयांना उघडावी लागली. हे खरं आहे. आणि डोंगीत चढण्याआधी पाण्यातच मी एकेक करून बुटांचे बंद सोडले आणि बूट जाऊ दिले. हेही खरं आहे. हे गावाला माहीत नाही.

नंदुरबारला डॉक्टरांनी विचारलं, हे कशानं झालं? हेमंत शुद्धीत होता, पण बोलत नव्हता. मी म्हटलं, बूम. डॉक्टर जखमेकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. गालाच्या हाडावर गोल खळगे होते, एकाशेजारी एक. मी पुन्हा म्हटलं, बूम लागला, मी पाहिला. मग ते लिहू लागले. डोळा वाचला नाही. काकीनं माझे हात धरून कपाळाला लावले. "तुन्हामुळे मन्हा पोऱ्या वाचना," म्हणाली. दर राखीपौर्णिमेला ती माझ्यासाठी वेगळा नारळीभात काढून ठेवते. मी खातो. चव लागते, हे जास्त वाईट.

हेमंतला काय आठवतं? होडी उलटल्यापासून डोंगीपर्यंत काहीच नाही, असं तो म्हणतो. बूम त्याला माझ्याकडून मिळाला. आता तो इतरांना सांगतो, हातवारे करून, दांडा कसा आला ते. माझं खोटं त्याची आठवण झालं आहे.

ती होडी तेव्हापासून आमच्या शेडमध्ये पडून होती. गेल्या आठवड्यात हेमंतनं तिच्यावरची केळीची वाळली पानं काढली, पाणी मारून ती धुतली. त्याला पुन्हा तारेवर जायचं आहे. त्यानं मोबाईलवर हार्नेसचे आणि फोमच्या पट्ट्यांचे फोटो पाठवले आणि फोन केला. "तूच निवड भो. मले यामधलं काय समजस?"

मी निवडलं. या वेळी नीट निवडलं. त्याच्या मापाचा, पाठीला आधार देणारा, एका ओढीत सुटणाऱ्या हुकाचा हार्नेस. काठाला जाड फोम, बारीक खाचांचा. सुकाणू कुणाकडे, हे त्यानं विचारलं नाही. त्याच्या मनात तो प्रश्नच नाही.

आता राहिलं ते सांगतो.

मी कापडाखालून बाहेर आलो तेव्हा सरपटत उलट्या होडीवर चढून बसलो. श्वास आला. जीव वाचला, हे कळलं. वारा होताच, पण मला दिसत होतं, मी सुरक्षित होतो. तेवढ्यात हेमंत वर आला. पंपाचा एक पट्टा फाटला होता आणि त्यानं स्वतःला सोडवलं होतं. तो माझ्या पायाशीच वर आला, खोकत, डोळे उघडे, आणि त्यानं होडीचा काठ धरला. मला धरलं नाही. काठ धरला. त्याच्यापासून मला काहीच धोका नव्हता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि धाप लागलेल्या आवाजात पुन्हा तेच म्हणाला — तुले काहीच येत नही.

मी पाय मागे घेतला. नेम धरला. आणि पूर्ण ताकदीनं त्याच्या तोंडावर टाच मारली.

हाड मोडल्याचं बुटातून पायाला कळलं, आणि मला बरं वाटलं.