जिमीचं अभ्यंगस्नान आणि आमचे भावजी

फोन आला तेव्हा मी दूधवाल्याशी भांडत होते. धुळ्याहून माझी धाकटी जाऊ मंदा बोलत होती. "ताई, हे गेले हो... चहा मागितला आणि मी आणेपर्यंत..." मला आधी रडू आलं नाही, राग आला. अहो, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान माणूस! वहिनीच्या आधी जायची ही कुठली पद्धत? आता महिना उलटून गेलाय आणि तरी मी त्यांच्यावर चिडलेलीच आहे. पण लिहायला बसले की चिडणं बाजूला राहतं आणि हसूच येतं, कारण शरद भावजी आठवले की पाठोपाठ जिमी आठवतो, आणि जिमी आठवला की ती दिवाळी.

भावजी गुरांचे सरकारी डॉक्टर. नोकरीची बरीच वर्षं शिंदखेड्याकडे गेली, मग धुळ्यात. आमच्याकडे जळगावला आले की चप्पल काढायच्या आत गोष्ट सुरू. कुठं म्हैस अडलेली, कुठं बैलानं खिळा गिळलेला! सांगताना हातवारे असे, की समोरच्यानं चहाचा कप लांब धरावा. जनावर तपासायची त्यांची रीतही न्यारी. हात लावण्याआधी ते त्याचा वास घ्यायचे, चांगलं नाक खुपसून. मी म्हणायची, "भावजी, तुमचं लग्न ठरवताना मंदाला हे कुणी सांगितलं नव्हतं का?" ते म्हणायचे, "वहिनी, तिचाही वास घेऊनच होकार दिला."

तेव्हा, ऐंशीच्या दशकात, आमच्या गल्लीत पांढऱ्या पामेरियन कुत्र्यांचं वेड आलं होतं. शेजारच्या कांताबाईंकडे जिमी होता. त्या मारवाडी, कापडाच्या दुकानवाल्या, पण तीन पिढ्या जळगावात काढलेल्या. चैत्रगौरीपासून दिवाळीच्या उटण्यापर्यंत आमचं सगळं त्यांनी उचललेलं. जिमीचे लाड त्यांच्या रूपापेक्षा कणभर जास्तच. रूपा त्यांची एकुलती एक लेक, दहा-अकरा वर्षांची, लांब केसांची आणि त्याहून लांब जिभेची. त्याच सुमाराला बाजारात कुत्र्यांचा एक शाम्पू आला. पिसवा, गोचिड्या, उवा, एका धुण्यात साफ! कांताबाईंनी लगेच बाटली आणली.

त्या वर्षी भावजी दिवाळीला आमच्याकडे आले होते. नरकचतुर्दशीला उजाडायच्या आत गल्लीत फटाके सुरू झाले, आणि तेवढ्यात कांताबाईंची हाक आली, "डॉक्टर, अहो बघा ना, जिमी फटाक्यांना कसा घाबरलाय!" मीही त्यांच्यामागे गेले. जिमी अंगणात आडवा पडला होता, पाय झाडत होता, तोंडाला फेस. "भित्रं आहे हो फार," कांताबाई म्हणत होत्या. भावजी गुडघ्यावर बसले आणि त्यांनी त्याच्या पाठीत नाक खुपसलं. वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

"याला तेल लावलं होतं?"

"म्हणजे काय! दिवाळीची पहिली अंघोळ. तेल लावलं, उटणं लावलं, मग शाम्पूनं छान चोळला. मुरू दिला जरा, तेलाचा चिकटा निघेना म्हणून."

भावजींनी एका दमात मला सांगितलं, साबणाचं पाणी आणा, माझी बॅग आणा, आणि मग थांबले. "ती बाटली कुठंय?"

"बाथरूममध्ये. रूपाच्या डोक्यात उवा झाल्यात ना, तिलाही तेल लावून बसवलंय, म्हटलं तिचंही..."

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. हा एवढा थोरला माणूस अंगणातून उडी मारून आत गेला, लाथ मारून बाथरूमचं दार उघडलं, आणि परकर नेसून बसलेल्या त्या पोरीला वेणीला धरून बाहेर ओढलं. डोकं तेलानं चपचपलेलं, बाटलीचं बूच उघडलेलं, हातात नुकताच ओतून घेतलेला शाम्पू! भावजींनी तिचे हात बादलीत बुडवले, साबण लावून दहादा धुतले आणि बाटली उचलून मोरीत फोडली. खुंटीवरचा नवा रेशमी फ्रॉक ओल्या फरशीवर पडून राडा झाला. रूपानं असा गळा काढला की फटाक्यांचा आवाज ऐकू येईना. "राक्षस आहात तुम्ही! राक्षस!"

जिमीला त्यांनी धुतलं, इंजेक्शन दिलं, दुपारपर्यंत मांडीवर घेऊन बसले. जिमी वाचला. मग आमच्या स्वयंपाकघरात त्यांनी आम्हा दोघींना समजावून सांगितलं. शाम्पूत होतं ते कपाशीवर फवारतात त्याच जातीचं औषध. बिनतेलाच्या अंगाला लावून लगेच धुतलं तर वरच्यावर जातं, पण ते तेलात विरघळतं, आणि तेल त्याला कातडीतून थेट आत नेतं. कांताबाई म्हणाल्या, "म्हणजे मी माझ्या हातानं पोरीला..." त्यांनी भावजींचे पायच धरले. "डॉक्टर, रूपाला कळू देऊ नका. जन्मभर माझ्या हाताला भिईल ती."

भावजी म्हणाले, "नाही कळणार. शब्द." आणि चकली खायला लागले.

पण हा शब्द त्यांना फार जड गेला. पाडव्यापर्यंत जळगावात आणखी काही कुत्री तशीच तडफडून मेली. सरकारात त्याच सुमारास त्या औषधाची तपासणी चालली होती, ते शाम्पूत राहू द्यायचं की काढायचं याची. भावजींनी हे सगळं कळवलं. कंपनीचं उत्तर तयारच होतं, बाटलीवर बारीक इंग्रजीत छापलंय की तेलकट अंगावर लावू नये. लोक चुकीचं वापरतात त्याला आम्ही काय करणार? त्यानंतर जळगावला आले की भावजी चिडून येरझाऱ्या घालत. मी एकदा म्हटलं, "अहो, रूपाचं सांगून टाका की! एका वाक्यात निकाल लागेल."

"वहिनी, शब्द दिलाय."

"तुमच्या शब्दापायी दुसऱ्या कुणाची रूपा जाईल!"

ते चप्पल घालून तडक बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी मात्र उड्या मारत आले, "वहिनी, तपासणीवाल्यांनाच बोलावतो इथं! दिवाळी कशी असते ते बघू देत!"

आणि खरंच दोन साहेब आले. गल्ली लोटली हो बघायला! कांताबाईंच्या अंगणात पाट, तेलाची वाटी, आणि पाटावर नटसम्राटासारखा जिमी. शाम्पू अर्थातच नव्हता, साधा साबण. कांताबाईंनी पदर खोचला आणि जिमीच्या पाठीवर तेलाची धार सोडली. एक साहेब म्हणाले, "बाई, कुत्र्याला तेल कशाला?" कांताबाई फिरल्याच त्यांच्यावर. "सणाची अंघोळ बिनतेलाची? तो काय सुतकात आहे का साहेब?" सगळी गल्ली हसली. साहेबही हसले, पण त्यांनी विचारलं, "आणि माणसांवर कुणी वापरतं का हे?"

कांताबाईंचा हात जिमीच्या पाठीवर थांबला. शेजारीच रूपा उभी होती, भावजींकडे डोळे वटारून. माझ्या तोंडात शब्द आला होता, देवाशप्पथ. भावजी शांतपणे म्हणाले, "मी कशाला सांगू? चला, बाजारात विचारू."

कोपऱ्यावरचा दुकानदार शिंदखेड्याकडचा, भोळा आणि मोठ्या घशाचा. साहेबांनी नुसतं विचारलं, हा शाम्पू खपतो का? गडी अभिमानानं फुलून म्हणाला, "साहेब, गल्लीमा कुत्रा कितला शेतस? बठ्ठा माल पोरीस्ना उवासाठे जास!" गल्लीत कुत्री अशी किती, सगळा माल पोरींच्या उवांसाठीच जातो म्हणे! आणि वर ज्ञान दिलं, तेल लावून चोळलं की जास्त गुण येतो, मीच सांगतो बायांना. साहेबांचे चेहरे उतरले. भावजी माझ्याकडे बघून असे हसले, की मला भर बाजारात टाळी वाजवावीशी वाटली. पुढच्या दिवाळीच्या आत तो शाम्पू दुकानांतून गेला. आमच्या गल्लीनं पेढे वाटले, एका शाम्पूच्या जाण्याचे पेढे!

रूपानं मात्र त्यांना कधीच माफ केलं नाही. शाम्पूनं कुत्री मरतात एवढंच तिला ठाऊक, आणि आपण जिमीची बाटली घेतली म्हणून डॉक्टरांनी वेणी ओढली, असंच ती धरून बसली. भावजी आले की ती मागच्या दारानं पसार. मोठी झाली, कॉलेजात गेली, तरी समोर आली की मान वळवायची. भावजी मिटक्या मारत सांगायचे, "जळगावात माझी एक पक्की वैरीण आहे बरं का!" तिचं लग्न धुळ्यातच झालं, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. तरी कधी उंबरा ओलांडला नाही तिनं. त्यांना लागत नव्हतं का? लागायचंच. एकदा मला म्हणाले होते, "पोरगी गुणी आहे हो वहिनी, एकदा बोलली असती तर..." आणि लगेच विषय बदलला.

तेरावं झाल्यावर मी मंदाकडेच राहिले होते. एका दुपारी कांताबाई भेटायला आल्या आणि बरोबर रूपा, आईनं ओढून आणलेली, कोपऱ्यात अवघडून बसलेली. मंदाशी चार शब्द बोलून झाले आणि कांताबाई एकदम लेकीकडे वळल्या. "रूपा, त्या दिवाळीला डॉक्टरांनी तुला का ओढलं, ते ऐक." सगळं सांगितलं. वाटीतल्या तेलापासून, बाटलीपासून, धरलेल्या पायांपर्यंत. "माझ्या हातून होणार होतं गं. तू माझ्याऐवजी त्यांचा राग करत राहिलीस आणि मी राहू दिला. आता काय बोलायचं ते मला बोल."

रूपा खूप रडली. मंदाच्या गळ्यात पडून रडली. "काकू, ते मला एकदाही काही म्हणाले नाहीत हो... एकदाही नाही..." मग तोंड धुऊन आली. मंदाला विचारलं, "काकू, घरात खोबरेल आहे?" मंदानं फडताळातून बाटली काढून दिली. रूपानं ती आईच्या हातात ठेवली, वेणी सोडली आणि तिच्या पुढ्यात पाठ करून बसली. कांताबाईंना बूच फिरवता येईना.

"लाव ना गं आई," रूपा म्हणाली. "रडून रडून डोकं दुखतंय माझं."