सुमनकाकूंच्या कानातली सूं

सुमनकाकू ऐकायला बसल्या की हातात अडकित्ता घेऊन बसायच्या. मध्ये कोणी बोललं की तो उगारायच्या. "गप! म्हातारी गाते हाय." ती म्हातारी बहुधा केव्हाच वारलेली असायची. केळवे, उमरोळी, मासवण, जिथे कुठे लग्नातली जुनी गाणी येणारी बाई आहे असं कळे, तिथे काकू मोबाइल घेऊन जात आणि तिचं गाणं रेकॉर्ड करून आणत. काका गेल्यावर सुपारीची वाडी मुलाने सांभाळली, काकूंनी हे सांभाळलं.

मी केळव्याला त्यांच्या शेजारी राहतो आणि तारापूरच्या एका कारखान्यात उपकरणांची दुरुस्ती करतो. एका रविवारी त्यांनी कुंपणावरून हाक मारली. मुलाने त्यांच्यासाठी कुठून तरी जुना ॲम्प्लिफायर आणला होता.

"गाण्यामागं सूं वाजते. काढ ती."

मी त्यांचे इअरफोन कानाला लावून पाहिले. गाणं थांबवलं तरी बारीक सूं होतीच. म्हणालो, "काकू, हे मोबाइलचे इअरफोन. यांचा इंपिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी. एवढ्याशा जोरावर मोठ्याने वाजतात, म्हणून ॲम्प्लिफायरची स्वतःची खरखरही ऐकवतात." घरून माझा जास्त इंपिडन्सचा हेडफोन आणून लावला.

"आवाज पडला रे."

"याला जोर जास्त लागतो. बटण वाढवा. गाणं वाढेल, सूं नाही वाढणार."

तसंच झालं. गाणं थांबवून मी ऐकलं. अगदी शांत. खूश होऊन हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"हायच की."

मी पुन्हा ऐकलं. काहीच नव्हतं. तार पाहिली, पिन पाहिली, हेडफोन परत त्यांना दिला. तो कानांवर तसाच ठेवून काकूंनी पिन उपटली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता कुठून येते?"

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "म्हणजे माझ्यातच हाय."

पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या नसा थकल्यात, ऐकू येणं कमीच होत जाईल. त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र सुनेला, नीलिमाला, समोर बसवलं. "मला ऐकू येतं हाय तोवर शिकून घे." एकच ओळ इतक्यांदा म्हणायला लावत की नीलिमा रडकुंडीला येई.

"रेकॉर्डिंग आहेत की, काकू," मी एकदा म्हणालो.

"त्यात शब्द दबलेत. मागं ढोल, पोरं, भांडी. कुठं कोणता शब्द, ते आता मलाच ठाऊक."

परवा गेलो, तेव्हा नीलिमा स्वयंपाकघरात गात होती. काकूंना आता कानाशी जाऊन मोठ्याने बोललं तरच कळतं. दाराकडे बोट करून त्यांनी विचारलं, "गाते ना?"

मी मान डोलावली.

"सूर लागतो?"

सूर लागत नव्हता. मी तरी जोरात मान हलवली. काकू माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"खोटं बोलतोस. शब्द?"

"शब्द सगळे कळतात," मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"मग झालं," काकू म्हणाल्या. "सूर रेकॉर्डिंगात हाय, तो तिची पोर लावील."