गजावरच्या दोन खुणा

"भरलेली की रिकामी?"

समोर पाण्याची बाटली ठेवली तरी काका आधी हे विचारायचे. मग नखानं दोनदा टकटक करायचे, कान देऊन ऐकायचे आणि मगच झाकण उघडायचे. बाटली पारदर्शक असली तरीसुद्धा. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, जे डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीचीही खात्री करून घेतं. आपण त्याला हसतो. मीही हसले होते.

सिंगापुरात बुकित बातोकला दहाव्या मजल्यावर मी आणखी दोन मुलींबरोबर भाड्याच्या खोलीत राहते. काका समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात तीस वर्षं पाइपचं काम करून ते सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले होते. काकू गेल्याला बरीच वर्षं झाली होती आणि मुलगी बेटाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. एकदा मी कॉरिडॉरमध्ये आईशी फोनवर मराठीत बोलत होते, तेव्हा त्यांनी दार उघडलं.

"कुठली गो तू?"

"विट्याची."

"म्हणजे घाटावरची. मी सावंतवाडीकडचा. असो, आता दोघंही दहाव्या मजल्यावरचे."

आमच्या घरात कॉलेजला आलेली मी पहिलीच. वडिलांची पिठाची गिरणी आहे. इथे आल्यापासून मला एक सवय लागली होती. एखादी गोष्ट चुकीची वाटली की मी गप्प बसायचे, कारण बहुधा मलाच काहीतरी माहीत नसायचं. ही सवय इथे सांगते, कारण पुढे जे झालं ते तिच्यामुळेच झालं.

जानेवारीत एकदा काकांनी मला बोलावून मोबाइलवरचा फोटो दाखवला. डोंगर, धुकं आणि त्यात एक हरीण, सांबराएवढं मोठं. त्यांच्याबरोबर कारखान्यात काम केलेला एक इंजिनिअर निवृत्त होऊन न्यूझीलंडला परत गेला होता. तिथे रीतसर शिकार करता येते आणि तो ठासणीच्या बंदुकीनं करतो. एप्रिलमध्ये ये, असं त्यानं काकांना कळवलं होतं.

ठासणीची बंदूक मी तेव्हा पाहिलीही नव्हती. काकांनी समजावलं. नळीच्या तोंडातून मापाची दारू ओतायची, तिच्यावर चिंधीत गुंडाळलेली गोळी सोडायची आणि गजानं खालपर्यंत ठासायची. एक बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून.

"आमच्या बाबांकडे होती. शेतात डुकरं यायची म्हणून परवाना होता. ठासायचं काम माझं. मी ठासलेल्या बंदुकीवर माझा बाप गाल टेकवायचा, कळलं?"

"आणि तुम्ही उडवायचात?"

"नाही गो. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी, करता करता बाबा गेले. परवाना त्यांच्या नावावर, बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. पन्नास वेळा तरी ठासली असेन. उडवली एकदाही नाही."

वय अडुसष्ट. त्यांना एकच बार काढायचा होता. मित्राचा नियम असा की ज्यानं उडवायची, त्यानंच भरायची. म्हणून काकांना हात पुन्हा बसवायचा होता.

सिंगापुरात बंदुकीसारखं दिसणारंही काही हातात नको, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एका टोकाला बूच लावलेला साधा पांढरा पाइप घेतला. दारूच्या जागी रवा, गोळीच्या जागी काचेची गोटी, चिंधी जुन्या बनियनची. आणि गज म्हणून खिडकीबाहेर कपडे वाळत घालायचा बांबू कापलेला. त्यावर त्यांनी दोन रंगीत चिकटपट्ट्या गुंडाळल्या होत्या. पाइप रिकामा असेल तर गज लाल पट्टीपर्यंत आत जातो. एकदा भरलेला असेल तर निळ्या पट्टीवर थांबतो.

"आणि निळी पट्टी पाइपच्या तोंडाच्या वर राहिली तर?"

"तर दोनदा भरलीय. तशी उडवली तर नळी फुटते. गालापाशी." त्यांनी स्वतःच्या गालाला हात लावला. "म्हणून आधी खूण बघायची, मग पुढचं."

कारखान्याच्या शिस्तीप्रमाणे कामाला दोन माणसं. एकानं पाच पायऱ्यांची यादी वाचायची, दुसऱ्यानं करायचं. मी वाचणारी. प्रत्येक ओळीपुढे टिक करायची, शेवटी सही. "सुपरवायझर आल्या," असं म्हणून ते मला खुर्ची द्यायचे. दुपारी आम्ही ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलापाशी बसायचो. खालच्या मजल्यावरचे चिनी आजोबा रोज थांबून विचारायचे, "फिशिंग आह?"

"फिशिंग, लाह," काका त्यांच्याच सिंगापुरी ढंगात म्हणायचे. "बिग फिश."

मार्चमध्ये एका दुपारी त्यांनी पाइप भरला. मी पाचही टिका केल्या. तेवढ्यात मुलीचा फोन आला, ते दोन मिनिटं बोलले, परत आले आणि त्यांनी रव्याचं माप पुन्हा उचललं.

मला वाटलं, सरावच आहे, मुद्दाम करत असतील. मला वाटलं, तीस वर्षं काम केलेल्या माणसाला मी काय सांगणार. त्यांनी रवा ओतला, गोटी सोडली, गज घातला. निळी पट्टी तोंडापासून चार बोटं वर राहिली. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. मी पाहिलं आणि सही केली.

चार दिवसांनी तसंच झालं. या वेळी फोनही आला नव्हता. मी पुन्हा सही केली. त्या रात्री मला काही सुचेना. डोळ्यांपुढे त्यांचा गाल येत होता. आणि ही एकच गोष्ट त्यांना आयुष्यात करायची होती, तिकीट काढलेलं होतं, नवे बूट दाराशी ठेवलेले होते.

तिसऱ्या वेळी त्यांनी दुसरी गोटी ठासली, गज काढून घेतला, आणि माझ्या तोंडून त्यांचंच वाक्य निघालं.

"काका, भरलेली की रिकामी?"

ते हसले. "भरलेली. आत्ताच तर भरली."

"खूण बघू या?"

त्यांनी गज घातला. निळी पट्टी वर राहिली. त्यांनी गज काढला, पुसला, परत घातला. मग वर्तमानपत्र पसरून पाइप उलटा करून झटकला. गोटी, चिंधी, रवा. पुन्हा गोटी, चिंधी, रवा. दोन्ही गोट्या घरंगळत टेबलाच्या कडेला गेल्या आणि त्यांनी तळहातानं अडवल्या.

"कितवी वेळ?"

"तिसरी."

"आणि तू सही केलीस."

"मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

"प्लांटवर असतीस तर गेटवरच तुझा पास काढून घेतला असता." आवाजात राग नव्हता. त्यांनी यादी माझ्याकडे सरकवली. "खोट्या टिका खोड. सगळ्या."

मी खोडत असताना म्हणाले, "दूध दोनदा आणतो. लिफ्टमधून खाली येऊन परत वर जातो. मला वाटलं, एकटा माणूस, व्हायचंच."

"मित्राला भरायला सांगा ना. तुम्ही फक्त उडवा."

"तो भरेल गो. पण त्याची पाठ वळल्यावर मी परत भरायला गेलो तर? शेजारी तोही उभा असणार." दोन्ही गोट्या खिशात टाकत म्हणाले, "बाबांना माझ्या हाताचा भरवसा होता. मलाच नाही, तर दुसऱ्यानं का ठेवावा?"

त्यांनी तिथूनच न्यूझीलंडला फोन लावला. इंग्रजीत दोन वाक्यं बोलले. मग मुलीला लावला, आणि ते बोलणं बराच वेळ चाललं. मी उठायला लागले, तर त्यांनी हातानं बसवलं. कामाला दोन माणसं लागतात.

चिनी आजोबा आले. "नो फिशिंग टुडे?"

"फिश टू बिग, लाह," काका म्हणाले.

मे महिन्यात मुलगी त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. बांबू माझ्या दाराशी ठेवला होता. मी त्यावर कपडे वाळत घालत नाही. मी बोलले ते बरोबरच होतं, हे मला कळतं. पण पहिल्याच दिवशी बोलले असते तर तेव्हाच डॉक्टरांकडे जाता आलं असतं का, की उलट अजून दोन आठवडे त्यांना त्या डोंगराची वाट पाहू द्यायला हवी होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रविवारी मी त्यांना भेटायला जाते. कधी ओळखतात, कधी विट्याऐवजी दुसरंच गाव सांगतात. गेल्या रविवारी ऊन होतं. मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे ठेवली आणि थांबले.

त्यांनी झाकण उघडलं आणि सरळ तोंडाला लावली.