बाबांनी थांबवलेली प्रार्थना

एका मंगळवारी अकोल्याच्या इस्पितळात ऑपरेशन चालू असताना माझे बाबा गेले. त्याला आता बरीच वर्षे झाली, पण आज अमरावतीच्या राजापेठेत कुणीतरी संत्रे सोलले आणि त्या वासाने ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळची इस्पितळातली ती खोली समोर आली. ऑपरेशन करायचे की बाबांना अमरावतीला घरी न्यायचे, हे सकाळपर्यंत सांगा असे डॉक्टर म्हणाले होते. धोका दोन्हींत होता. आई खाटेशी बसून संत्रे सोलत होती. आमच्या घरी काहीही ठरवण्याआधी एकमेकांचे हात धरून प्रार्थना करतात, म्हणून मी दोघांचे हात धरले आणि सुरुवात केली, “प्रभू, ऑपरेशन यशस्वी कर, बाबांना बरे कर.” बाबांनी मधेच डोळे उघडले. “अवं, देवाले हुकूम काहून देऊन रायली? तुहा चपराशी हाय का तो? वाट विचार त्याले.” आईला हसू आले. मी हात तसेच धरून पुन्हा सुरुवात केली, “प्रभू, आम्हाला वाट दाखव.” बाबा स्वतःच ‘आमेन’ म्हणाले. “करू ऑपरेशन,” ते आईला म्हणाले, “तो संगं हाय म्हणजे झालं. दे आता ते संत्रं.” ती वाट चुकली होती का, हे मी देवाला कितीदा तरी विचारले आहे. उत्तर मिळालेले नाही. रोज सकाळी आई आणि मी हात धरून बसतो, मी वाट विचारते आणि आई आमेन म्हणते.